आतड्याची चाल आणि सेरोटोनिन

उलटी थांबण्यासाठी मुलाला ऑन्डान्सेट्रॉन दिले की शौचास खडा होतो, असे पालक सांगतात. विद्यार्थ्यांनीही त्याचे कारण समजून घ्यावे असे आहे.

सेरोटोनिन म्हटले की मेंदू आठवतो. परंतु शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पोट व आतड्यांतच असते. अन्नाचा दाब पडला की आतड्याच्या अस्तरातील पेशी ते सोडतात, मज्जातंतू जागे होतात, मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो आणि अन्न पुढे सरकते. सेरोटोनिनचा निरोप घेणाऱ्या जागांना ग्राही म्हणतात. ऑन्डान्सेट्रॉन तिसऱ्या प्रकारचे ग्राही अडवते. त्यामुळे उलटी थांबते, पण मोठे आतडेही मंदावते. याउलट चौथ्या प्रकारचे ग्राही चेतवले की आतड्याला वेग येतो.

सिसाप्राइड हे असे वेग देणारे औषध. दूध वर येते म्हणून एके काळी ते तान्ह्या बाळांनाही देत. परंतु ते हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमच्या वाटाही अडवते. ठोके बिघडून मृत्यू झाले, तेव्हा २००० साली अमेरिकेत त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. आपल्या देशात बंदी आली ती फेब्रुवारी २०११ मध्ये. दहा वर्षांहून अधिक उशीर! टेगासेरॉड त्याच वर्षी मार्चमध्ये बंद झाले. घरात त्या काळची डॉक्टरांची चिठ्ठी असेल, तर पालकांनी ती घेऊन सुभाष रोडवरचे औषधाचे दुकान गाठू नये.

नंतर आलेले प्रुकॅलोप्राइड चौथ्याच ग्राहीला नेमके धरते. जुनाट बद्धकोष्ठासाठी डॉक्टर ते मोठ्यांना देतात. मुलांसाठी ते नाही.