घरांतील इंटरनेटची वांटणी व राउटरची मांडणी

हल्लीं एरंडोलसारख्या तालुक्याच्या गांवीं कांचतंतूची तार, जिला व्यवहारांत फायबर म्हणतात, ती घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोंचली आहे. तार आणून देणें हें कंपनीच्या मनुष्याचें काम. तो तें तासाभरांत उरकतो, दारालगतच्या भिंतीस एक पेटी ठोकतो आणि महिन्याची रक्कम सांगून निघून जातो. मागाहून घरच्या मंडळींस असा अनुभव येतो कीं, ओसरीवर बसलेल्या मुलाचा मोबाईल झपाट्यानें चालतो, आणि माजघरांत मात्र एक सातबारा उतरून घ्यावयास घटकाभर लागते. उलट रस्त्यापलीकडच्या ओट्यावर बसलेलीं चार मुलें त्याच जोडणीवर खुशाल क्रिकेटचा सामना पाहात असतात. घरांत पोंचावें तें पोंचत नाहीं व बाहेर जाऊं नये तें जातें, हे दोन्ही दोष बहुधा मांडणीचे असतात, व ते घरच्या घरीं दूर करतां येतात.

ही गोष्ट केवळ करमणुकीची म्हणून सोडून देण्याजोगी राहिलेली नाहीं. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळूं लागला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. आणि २०२५ च्या हंगामांत सीसीआयला हमीभावानें कापूस घालावयाचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर आधीं नोंदणी करणें भाग पडलें. पीक पाहणीचें छायाचित्र अर्थात् शेतांत उभें राहूनच काढावें लागतें, त्यास घरच्या राउटरचा उपयोग नाहीं. परंतु जीं कामें पूर्वीं चावडीवर खेटे घालून होत, त्यांतील पुष्कळशीं आतां घरीं बसून होतात; आणि तीं घरांतील एकाच मोबाईलवर अवलंबून ठेवणें सोयीचें नाहीं.

आपल्या देशांत सर्वसाधारण लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या मार्फत. त्या काळीं टेलिफोनच्या तारेवरून एका घरांत एकच संगणक जोडला जाई, आणि तो चालूं असेतों टेलिफोन बंद. आज त्याच एका जोडणीवर दहा-पंधरा यंत्रें एकाच वेळीं चालतात. ही किमया जी लहानशी पेटी करते, तिचें नांव राउटर.

राउटरचें काम खानदेशांतील शेतकऱ्यास समजावयास अवघड नाहीं. पांझरा नदीवरील फड पद्धत वाचकांस ठाऊक आहे. बंधाऱ्याचें पाणी पाटानें येतें, आणि पाटकरी तें ठरल्या पाळीनें शेतोशेतीं सोडतो. राउटर हा घरांतील पाटकरी होय. फरक इतकाच कीं, पाटकऱ्याची पाळी तासांची किंवा दिवसांची असते, आणि राउटर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही थोड्या वेळांत पाळी बदलतो. म्हणून प्रत्येकास वाटतें कीं पाणी आपल्यालाच अखंड येत आहे. पण बंधाऱ्यांत नाहीं तें पाटांत कोठून येणार? ३० एमबीपीएसची जोडणी घेतली म्हणजे सेकंदाला ३० मेगाबाईट मिळाले असें पुष्कळजण समजतात. तो आंकडा बिटांचा असतो, आणि आठ बिटांचा एक बाईट होतो. म्हणजे मिळाले सेकंदाला पावणेचार मेगाबाईट. ६०० मेगाबाईटचा चित्रपट उतरावयास दोन मिनिटें चाळीस सेकंद लागतील, तेही घरांतील दुसऱ्या कोणाची पाळी मध्यें न आली तर. राउटर कितीही महाग घेतला तरी हा हिशेब बदलत नाहीं.

राउटरचें दुसरें काम दप्तराचें आहे. बाहेरच्या जगांत प्रत्येक जोडणीस आंकड्यांचा एक पत्ता असतो. हे पत्ते मूळ योजनेंत सुमारें ४२९ कोटी एवढेच धरले होते, आणि आशिया खंडाच्या वांट्याचा सांठा एप्रिल २०११ मध्यें जवळ जवळ संपला. तेव्हां घरांतील प्रत्येक मोबाईलास निराळा पत्ता देणें शक्यच नव्हतें. त्यावर तोड अशी कीं, बाहेर घराचा पत्ता एकच. आंत राउटर आपल्या अधिकारांत पोटहिस्से पाडतो, आणि कोणत्या यंत्रानें काय मागितलें याची तात्पुरती नोंद ठेवून उत्तर आलें म्हणजे ज्याचें त्यास पोंचवितो. सरकारी दप्तरीं एकच गट नंबर असावा, आणि आंतील वहिवाट घरच्या वांटणीप्रमाणें चालावी, तसाच हा प्रकार. मात्र वाद उपस्थित झाला तर बाहेरचा अधिकारी गट नंबरच पाहतो. हें ध्यानांत ठेवावें. याविषयीं पुढें लिहावयाचें आहे.

आतां प्रत्यक्ष मांडणी. फायबर ज्या पेटींत शिरतें तिला ओएनटी म्हणतात. ती प्रकाशाचे विजेचे संकेत बनविते. आजकाल पुष्कळ पेट्यांत राउटरही आंतच असतो. तसें असल्यास दुसरा विकत घेण्याची घाई करूं नये. निराळा घेतलाच, तर ओएनटीच्या लॅन भोकांतून निघालेली तार राउटरच्या वॅन असें लिहिलेल्या भोकांत घालावी. हें भोंक बहुधा निराळ्या रंगाचें असतें. नंतर राउटरच्या पाठीवरील चिठ्ठींत दिलेल्या नांवाचें वाय-फाय मोबाईलवर जोडून, ब्राउझरमध्यें त्याच चिठ्ठीवरील पत्ता टाईप करावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. मात्र अंक इंग्रजी लिपींत टाईप करावे. पान उघडल्यावर जोडणीचा प्रकार विचारला जाईल. कंपनीनें यूजर नांव व पासवर्ड दिलेला असेल तर पीपीपीओई हा प्रकार निवडून ते भरावे; नसेल तर बहुधा डायनॅमिक आयपी. ओएनटीमध्यें स्वतःचा राउटर असून दोहोंचा पत्ता एकच असेल तर दोघे एकमेकांस अडवितात. तेव्हां नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ असा बदलावा, किंवा त्यास ॲक्सेस पॉइंट या रीतीवर ठेवावें. हें सर्व झालें म्हणजे यूजर नांव, पासवर्ड व केलेले फेरफार घरच्या वहींत लिहून ठेवावे. राउटरच्या मागें एक बारीक छिद्र असतें. त्यांत टांचणी घालून दहा सेकंद दाबली कीं सारें पुसून राउटर कारखान्यांतून निघाल्यासारखा कोरा होतो. कोणी उत्साही भाचा हा प्रयोग करून बसला, आणि वही नसली, तर कंपनीचा मनुष्य येईपर्यंत घर बंद.

राउटर कोठें ठेवावा, याचा विचार सर्वांत कमी होतो आणि निम्म्याहून अधिक तक्रारी त्यांतच असतात. वाय-फायच्या लाटा रेडिओच्या जातीच्या आहेत. त्या दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लाट लांब जाते व भिंतींतून बऱ्यापैकीं पार होते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची लाट वेगवान, पण एक-दोन भिंतींतच दम सोडते. आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या असतात. उन्हाळ्यांत त्या थंडावा देतात हें खरें, पण लाटेला त्या भारी पडतात. पावसाळ्यांत ओल धरलेली भिंत आणखी वाईट, कारण पाणी या लाटा शोषून घेतें. सर्वांत वाईट पत्रा. लोखंडी कोठी, गोदरेजचें कपाट, पत्र्याची आडभिंत यांच्या मागें लाट जवळ जवळ पोंचतच नाहीं. यास्तव राउटर दाराशीं न ठेवतां घराच्या मध्यावर, पुरुषभर उंचीवर, मोकळ्या जागीं ठेवावा. कित्येक ठिकाणीं तो शोभेसाठीं कोनाड्यांत बसवून वर पडदा सोडलेला दिसतो. विहिरींत कंदील ठेवण्यासारखेंच तें आहे.

याकरितां फायबर आणणाऱ्या मनुष्यास आधींच सांगून तार मध्यल्या खोलीपर्यंत घ्यावी. तें न साधल्यास ओएनटी दाराशीं राहूं द्यावी, आणि तेथून लॅनची तार आंत नेऊन राउटर मध्यें ठेवावा. फायबर दुमडूं नये; वळण चहाच्या बशीहून लहान नसावें. तुटलेल्या टोंकाशीं डोळा नेऊन प्रकाश येतो का हें तर कधींही पाहूं नये. तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं व अपाय करूं शकतो. पेटीवर एलओएस असा तांबडा दिवा लागला तर फायबर कोठेंतरी तुटलें असें समजावें, आणि राउटरशीं खटपट करीत बसूं नये. घरांत कापूस भरलेला असतो तेथें हा पराक्रम बहुधा उंदराचा असतो.

गोठा किंवा खळें घरापासून दूर असून तेथें कॅमेरा बसवावयाचा असेल, तर लॅनची तार शंभर मीटरपर्यंत चालते. तिच्या टोंकास दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा, व त्याचें पत्ते वांटण्याचें काम, ज्यास डीएचसीपी म्हणतात, तें बंद करावें. एका पाटावर दोन पाटकरी नकोत. परंतु दोन निराळ्या इमारतींमध्यें उघड्यावरून तांब्याची तार नेणें वळिवाच्या विजेच्या दिवसांत धोक्याचें आहे. तेथें फायबरच न्यावें, तें वीज वाहून नेत नाहीं.

वीज गेली कीं राउटर बंद. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, व त्यांच्यासाठीं लहान यूपीएस मिळतो. ओएनटी निराळी असेल तर तिलाही द्यावा, नाहींतर एक जागा व दुसरा झोंपलेला. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच आहे म्हणून थेट लावूं नये. चार्ज होतांना ती चौदा व्होल्टच्या वर जाते. पेटींतून गडगडाट ऐकूं येऊं लागण्याची वाट न पाहतां, आभाळ गडगडूं लागतांच पेट्यांचे प्लग काढावे.

आतां कुलुपाविषयीं. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेस बाँबस्फोट झाले. त्याच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तवाहिन्यांस धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनीं पत्त्याचा माग काढला, तों तो नवी मुंबईंत सानपाडा येथें राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरचा निघाला. पुरेसें बंदिस्त नसलेलें त्याचें वाय-फाय बाहेरच्या मनुष्यानें वापरलें होतें. त्या गृहस्थाचा कटाशीं संबंध निघाला नाहीं. पण मध्यंतरीं चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागें होता. पुढच्या महिन्यांत तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून, आणि सप्टेंबरांत दिल्लीच्या स्फोटांच्या वेळीं चेंबूर येथील एका कंपनीच्या वाय-फायवरून गेला. तेव्हां जानेवारी २००९ मध्यें मुंबई पोलिसांनीं उघडीं वाय-फाय हुडकण्याची मोहीमच काढली.

आम्हीं महसूल खात्यांत हयात घालविली. खातें ज्याच्या नांवें, नोटीस त्याच्या नांवें, हा नियम तेथें पदोपदीं पाहिला. इंटरनेटची रीत तीच. हल्लीं कित्येक कंपन्या अनेक घरें मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, तरी तो कोणत्या क्षणीं कोणत्या खातेदाराकडे होता याची नोंद त्यांस ठेवावी लागते. ओट्यावरील मुलांपैकीं एकानें फसवणुकीचा व्यवहार केला, तर शोध प्रथम आपल्या दारीं येईल.

कुलुपें दोन आहेत, व लोक एकच लावतात. पहिलें वाय-फायचा पासवर्ड, हें वाड्याच्या दाराचें. दुसरें राउटरच्या आंतील पानाचा पासवर्ड, हें तिजोरीचें. हें दुसरें कित्येक राउटरवर ‘ॲडमिन’ असेंच असतें, व तें सर्व जगास ठाऊक असतें. दोन्ही बदलावे, आणि दोन्ही निराळे ठेवावे. आडनांव व मोबाईलचा नंबर हा पासवर्ड गल्लींतील पोर पहिल्या झटक्यांत ओळखतें; एकमेकांशीं संबंध नसलेले तीन-चार शब्द लक्षांतही राहतात व ओळखूं येत नाहींत. कुलुपाची जात निवडतांना डब्ल्यूपीए ३ किंवा निदान डब्ल्यूपीए २ घ्यावी. डब्ल्यूईपी ही जुनी जात मोडकी आहे. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी. पाहुण्यांसाठीं, बियाण्याच्या एजंटासाठीं, तसेंच टीव्ही व कॅमेरे यांसाठीं गेस्ट नेटवर्क निराळें काढतां येतें. त्यावर असलेलें यंत्र घरच्या संगणकापर्यंत पोंचत नाहीं. पाहुण्यास पासवर्ड नाकारणें आपल्याकडे अवघड जातें, म्हणून ही सोय फार बरी.

राहिला शेजाऱ्याचा प्रश्न. अडीअडचणीस ओळखीच्या मनुष्याला आपल्यासमोर वापरूं देणें निराळें, आणि महिन्याला पैसे घेऊन तार ओढून देणें निराळें. घरगुती जोडणीच्या करारांत असें पुन्हा विकणें सहसा मना असतें. तें सरळ मार्गानें करावयाचें असेल तर केंद्र सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तींत किराणा दुकानदारासही लायसेन्स किंवा नोंदणी फी न देतां लोकांस वाय-फाय पुरवितां येतें. त्यानें नोंदणीकृत ॲग्रिगेटर कंपनीशीं करार करावयाचा असतो, व वापरणाऱ्या प्रत्येकाची मोबाईलवरून ओळख पटल्याशिवाय जोडणी उघडत नाहीं. सोसायटीच्या कार्यालयांत असें केंद्र काढल्यास कापसाच्या नोंदणीच्या दिवसांत सभासदांस तेथें बसून काम करतां येईल. मात्र ॲग्रिगेटर निवडतांना त्याचा हिस्सा किती, राउटर कोणी द्यावयाचा आणि बिघडल्यास कोणी दुरुस्त करावयाचा, या तीन गोष्टी आधीं लेखी घ्याव्या.