मोजक्या खर्चात एचडी संच – लेखांक ६ : खुर्ची ते पडदा

दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यावर छापलेला रिझोल्यूशनचा आकडा पडद्यावर किती टिंबे आहेत एवढेच सांगतो; ती टिंबे पाहणाऱ्याच्या डोळ्याला वेगळी ओळखता येतील की नाही, हे पडद्याचा आकार आणि बैठकीचे अंतर यांवर ठरते, आणि अंतर ही गोष्ट खोक्यावर छापता येण्यासारखी नसल्यामुळे खरेदीच्या वेळी तिचा विचार बहुधा होत नाही. व्हीए आणि आयपीएस या दोन प्रकारच्या पॅनेलांचे विवेचन या लेखांकात करण्याचे ठरले होते. परंतु ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ यांतील भेद मागील वेळी निव्वळ आकड्यांत मांडला गेल्यामुळे, बत्तीस इंची संच घेताना फुल एचडीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे, आणि तिचे उत्तर एका वाक्यात आटोपणारे नाही. पॅनेलांना आठवडाभर थांबावे लागेल.

नेत्रवैद्याच्या भिंतीवर दिसणारा अक्षरांचा तक्ता हॉलंडमधील हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील ६/६ दृष्टीच्या ओळीचे अक्षर सहा मीटरवरून पाहिले असता डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करते आणि त्या अक्षराची प्रत्येक रेघ एका मिनिटाचा. येथे मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग. निरोगी किंवा चष्म्याने सुधारलेला डोळा एवढ्या कोनाचा तपशील वेगळा ओळखतो, त्याहून बारीक तपशील एकमेकांत मिसळून जातो. कोणतीही वस्तू स्वतःच्या रुंदीच्या सुमारे ३४३८ पट अंतरावर गेली की तिचा कोन एक मिनिट भरतो, हे त्रिकोणमितीचे साधे गणित एकदा मान्य केले की वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर मोजपट्टीने काढता येते.

संचाचे ‘बत्तीस इंच’ हे माप कर्णाचे असते. रुंदी व उंची यांचे प्रमाण १६:९ असलेल्या अशा पडद्याची रुंदी जेमतेम ७१ सेंटिमीटर भरते. त्या रुंदीत एचडी रेडी संच १३६६ टिंबे बसवतो, म्हणजे एका टिंबाची रुंदी ०.५२ मिलिमीटर येते आणि ते टिंब सुमारे १.८ मीटरच्या, म्हणजे सहा फुटांना किंचित कमी अशा अंतरापलीकडे वेगळे दिसेनासे होते. फुल एचडी संचात त्याच रुंदीत १९२० टिंबे असतात, टिंब ०.३७ मिलिमीटरचे होते आणि हे अंतर चार फुटांच्या थोडे पुढे येते. याचा अर्थ, एचडी रेडीहून अधिक असलेला तपशील डोळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी पाहणाऱ्याने सहा फुटांच्या आत बसावयास हवे आणि तो पूर्णपणे पोहोचण्यासाठी चार फुटांवर. दहा बाय बाराच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर संच आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा अशी मांडणी असेल, तर डोळा आणि पडदा यांत आठ फुटांचे अंतर सहज राहते. आठ फुटांवरून एका मिनिटाचा कोन ०.७१ मिलिमीटरचा होतो. तेथून एचडी रेडीचे टिंबच दिसत नाही, मग त्याहून लहान टिंबासाठी मोजलेले पैसे डोळ्याला मिळत नाहीत.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. तिरप्या रेघेतला पायऱ्यांसारखा तुटकपणा किंवा दोन रेघांच्या टोकांतला सूक्ष्म सरकाव डोळा एका मिनिटाहूनही पुष्कळ बारीक कोनात टिपतो. वृत्तवाहिन्यांच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार कोंबलेले असतात, तेथे हा फरक कधीकधी आठ फुटांवरूनही जाणवतो. लहान खोलीत पलंगावरून चार-पाच फुटांवरचा संच पाहणारे, किंवा तोच पडदा संगणकालाही जोडणारे, यांच्यासाठी बत्तीस इंचांतही फुल एचडी हीच योग्य निवड ठरते. एरवी नाही.

उच्च स्पष्टतेची कल्पना ज्यांनी मुळात मांडली त्यांनी अंतर गृहीतच धरले होते, ही गोष्ट विक्रीच्या भाषेत हरवली. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर या विषयावर संशोधन हाती घेतले, आणि त्यातून घडलेल्या प्रणालीचा पाया असा होता, की प्रेक्षक पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसेल आणि चित्र त्याच्या दृष्टिक्षेत्राचा मोठा भाग व्यापील. बत्तीस इंची पडद्याची उंची ४० सेंटिमीटर, तिची तिप्पट चार फूट. वर गणिताने आलेले अंतरही जवळपास तेच. आठ फुटांवर बसून हाच परिणाम साधावयाचा तर पडदा पासष्ट इंची लागतो. थोडक्यात, रिझोल्यूशन हे मोठ्या पडद्याचे साधन म्हणून जन्मास आले; लहान पडद्यावर ते बहुतांशी छापील अलंकार म्हणून उरते.

येथे १३६६ बाय ७६८ या विचित्र आकड्याविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण या आकड्याचे प्रसारण जगात कोणतीही वाहिनी करीत नाही. ७६८ ओळी संगणकाच्या जुन्या १०२४ बाय ७६८ पडद्याकडून आल्या. त्यांना १६:९ च्या प्रमाणात रुंद केले की १३६५ आणि एक तृतीयांश टिंबे येतात, आणि तृतीयांश टिंब बनवता येत नसल्याने १३६६ झाले. ‘एचडी रेडी’ हे बोधचिन्ह युरोपातील उत्पादकांच्या संघटनेने २००५ मध्ये आणले; त्यासाठी पडद्यावर किमान ७२० ओळी आणि उच्च स्पष्टतेचा संकेत स्वीकारण्याची सोय एवढ्याच प्रमुख अटी होत्या. त्यामुळे ७२० ओळींचे चित्र आले की हा संच दर पंधरा ओळींच्या सोळा ओळी करतो आणि १०८० ओळींचे आले की दर पंचेचाळीस ओळी बत्तिसांत बसवतो. कोणतेच चित्र त्याच्यावर जसेच्या तसे दिसत नाही, तरीही अनेक घरांत त्याने समाधानकारक काम केले आहे, याचे श्रेय आठ फुटांच्या अंतराला द्यावे लागते.

अंतराइतकेच महत्त्व संकेताच्या उगमाला आहे. भारतातील साध्या, म्हणजे एसडी, वाहिनीचे चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ टिंबांचे असते. फुल एचडी पडद्यावर त्याच्या पाचपट टिंबे असतात आणि फोर-के पडद्यावर बरोबर वीसपट. म्हणजे असे चित्र फोर-के पडदाभर पसरले की दर वीस टिंबांपैकी एकाइतकीच माहिती वाहिनीने पाठवलेली असते आणि उरलेल्या एकोणीस टिंबांचा रंग संचातील प्रक्रियक शेजारच्या टिंबांवरून अनुमानाने भरतो. चांगला प्रक्रियक हे अनुमान सफाईने करतो, स्वस्त प्रक्रियक चेहऱ्यांना मेणाची झाक आणतो. ज्या घरात मुख्यतः डीडी फ्री डिश पाहिली जाते, त्या घराने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी, कारण तिच्यावरील बहुसंख्य वाहिन्या साध्याच आहेत. सशुल्क सेवेत मराठीच्या प्रमुख मनोरंजन वाहिन्या २०१६ पासून एचडीतही मिळू लागल्या, पण त्यांचे शुल्क निराळे असते. ट्रायच्या २०१९ मध्ये अमलात आलेल्या आराखड्यात एक एचडी वाहिनी क्षमताशुल्कासाठी दोन साध्या वाहिन्यांइतकी धरली गेली. संचाची किंमत एकदाच मोजावी लागते, हे शुल्क दरमहा. अंदाजपत्रक करताना दोन्ही एकत्र मांडावीत.

एचडी वाहिनीचे पैसे भरूनही साधेच चित्र पाहणारी घरे थोडी नाहीत. सेट-टॉप बॉक्स आणि संच यांना पिवळ्या-पांढऱ्या-लाल टोकांच्या जुन्या वायरने जोडलेले असते, आणि त्यातील पिवळी वायर उच्च स्पष्टतेचा संकेत वाहूच शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय केबल लागते. ती जोडल्यावर सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० ओळींचा पर्याय निवडलेला आहे की नाही, तेही पाहावे. फुल एचडी संचात आणखी एक अडसर असतो: ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्राच्या कडा काही टक्के कापून उरलेले चित्र ताणण्याची जुन्या काचनळीच्या काळातील सवय. ती चालू असेल तर १९२० टिंबांचे चित्र १९२० टिंबांवर नेमके बसत नाही. संचाच्या मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा अशाच एखाद्या नावाने ती बंद करता येते.

तेव्हा मूळ पृच्छेचे उत्तर असे, की आठ फुटांवरून पाहणाऱ्याने बत्तीस इंचांत फुल एचडीसाठी खर्च करू नये. ती रक्कम बाजूला ठेवून त्रेचाळीस इंची फुल एचडीपर्यंत पोहोचता येते का, हे पाहावे. करांच्या बदललेल्या दरांमुळे हा मार्ग पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे: बत्तीस इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्यापुढील संचांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरही १८ टक्के झाला. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्याचे टिंब ०.५ मिलिमीटरचे, म्हणजे एचडी रेडी बत्तीस इंचीच्या टिंबाहून किंचित लहानच असते. स्पष्टता न गमावता चित्राचे क्षेत्रफळ मात्र जवळजवळ पावणेदोनपट होते. याच आकारात फोर-केचे टिंब तीन फुटांच्या आतूनच वेगळे दिसते, म्हणून निव्वळ रिझोल्यूशनसाठी त्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तो संच अन्य गुणांमुळे सरस असेल आणि किमतीत फारसे अंतर नसेल, तर गोष्ट निराळी.

दुकानात संच अगदी जवळून दाखवले जातात आणि त्यांवर खास प्रात्यक्षिकासाठी चित्रित केलेली फुले व पक्षी चालू असतात. ग्राहकाने विक्रेत्याला एखादी साधी मराठी वाहिनी लावावयास सांगावी, घरून मोजून आणलेल्या अंतरावर मागे सरकावे, आणि मग दोन संचांतला फरक दिसतो का ते पाहावे. बाजूला सरकल्यावर चित्राचा रंग उडालेला दिसला, तर तो दोष रिझोल्यूशनचा नसून पॅनेलचा असतो, आणि त्याचा विचार पुढील लेखांकात होईल.