फुकटचा गणवेश

गणवेशामुळे गरीब-श्रीमंत, उच्च-नीच हा भेद शाळेच्या दारातच गळून पडतो, असे आपल्याला लहानपणापासून सांगण्यात आले आहे. प्राध्यापक झाल्यावर एका शाळेच्या समारंभात पाहुणा म्हणून मीही हे वाक्य टाळ्यांसाठी बोललो आहे. बोललो आणि घरी येताना स्वतःचीच लाज वाटली. कारण ज्याने फुकटचा गणवेश अंगावर घातला आहे, त्याला हे वाक्य खोटे आहे हे ठाऊक असते.

माझे गाव मानकोली. मुंबई-नाशिक महामार्गावर, ठाणे आणि भिवंडी यांच्या मधले. आज तिथे गोदामांची रांग आहे. ही जागा मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, म्हणून व्यापाऱ्यांनी भाताच्या खाचरांत गोदामे उभी केली. 2017 मध्ये मुंबईतली जकात गेली, गोदामे मात्र राहिली. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा, 1990 नंतरच्या त्या वर्षांत, माझा बाप भिवंडीत पावरलूमवर होता. बारा तासांची पाळी. घरी यायचा तेव्हा केसांत, कानांत, भुवयांवर कापसाचे तंतू. दिवसभर कोऱ्या कापडाचे तागे त्याच्या डोळ्यांपुढून जात. ते पुढे रंगाईला जाई, आणि सदरा होऊन कुणाच्या अंगावर चढे हे विणणाऱ्याला कधी कळत नसे. त्याच्या स्वतःच्या पोराचा सदरा मात्र सरकारातून येई.

मी ज्या मराठी शाळेत शिकलो तिचे नाव इथे सांगत नाही. तसल्या शाळा जिल्ह्याजिल्ह्यांत होत्या. पांढरा सदरा, खाकी चड्डी हा सर्वांचा गणवेश. पण एकाच रंगाची ती दोन कापडे होती. दुकानातून घेतलेले टेरीकॉट कडक राही, त्याची घडी मोडत नसे. आम्हाला मिळणारे कापड पहिल्या धुण्यात आटे आणि दुसऱ्यात पिवळे पडे. वाटपाच्या दिवशी गुरुजी यादी घेऊन येत आणि म्हणत, "मागासवर्गीयांनी उभे राहा." वर्गात कोण कुठल्या आळीतले हे सगळ्यांना ठाऊकच होते, तरी उभे राहणे निराळे. आई सदरा हातात घेऊन शिवण ओढून बघायची, उसवेल तिथे आधीच टाके घालायची आणि म्हणायची, "वर्षभर चालवायचाय हा."

माझ्या शेजारी बसणारा मुलगा आगरी. त्याच्या बापाची शेती गोदामवाल्याला गेली होती, पैसे भावकीत वाटले गेले होते, आणि त्याचा सदरा माझ्याहून फाटका होता. त्याला यादीत जागा नव्हती. तो मला 'फुकट्या' म्हणे. त्या वेळी राग आला होता. आज कळते की त्याचा राग ज्याच्यावर जायला हवा होता तो कुठल्यातरी कचेरीत बसला होता, आणि मी बाकावर त्याच्या शेजारी होतो म्हणून तो माझ्यावर निघाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गणवेश जन्मला तोच मुळी दान घेणाऱ्याची खूण म्हणून. 1552 साली लंडनमध्ये अनाथ व गरीब मुलांसाठी क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली. नाव हॉस्पिटलचे असले तरी ती शाळाच. तिथल्या मुलांना लांब निळा कोट व पिवळे मोजे देण्यात आले. निळा रंग स्वस्त होता, म्हणून निळा. पुढे इंग्लंडात अशा कितीतरी धर्मादाय शाळा निघाल्या आणि त्यांना 'निळ्या कोटाच्या शाळा' हेच नाव पडले. रस्त्याने जाणाऱ्या पोराच्या अंगावरचा कोट पाहून लोकांना कळे की हे कुणाच्या तरी उपकारावर जगते. श्रीमंतांच्या निवासी शाळांनी आपापले कोट, टाय आणि टोप्या ठरवल्या त्या बहुतेक एकोणिसाव्या शतकात, आणि तेव्हा तीच वस्तू मिरवण्याची झाली. आपल्याकडच्या खासगी इंग्रजी शाळांनी उचलला तो हा दुसरा, मिरवण्याचा गणवेश. सरकारी शाळेतल्या पोराच्या वाट्याला पहिला आला.

दोन्ही गणवेश मी घातले आहेत. पाचवीला बापाने मला ठाण्याच्या बाजूच्या एका खासगी इंग्रजी शाळेत घातले. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो होता; बापाला टायचे अप्रूप तिथून. त्याने उचल घेतली आणि प्रवेश झाला. इलॅस्टिकचा टाय, शाळेच्या नावाचा पट्टा, काळे बूट, शनिवारी पांढरा वेश आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट पांढरे करायला मी खडू उगाळून लावायचो, पावसात रस्त्याने पांढरे पाणी मागे गळत यायचे. प्रार्थनेनंतर रांगेत नखे, बूट, पट्टा तपासत. मराठी शब्द तोंडून गेला तर दंड. मी गप्प राहायला तिथेच शिकलो.

पण खरी परीक्षा वाढदिवसाची. त्या दिवशी मुलाला 'कलर ड्रेस' घालून यायची मुभा असे, आणि वर्गभर चॉकलेटे वाटायची रीत होती. वर्षातल्या त्या एका दिवशी गणवेश उतरे आणि आत कोण आहे ते दिसे. दोन वर्षांत माझे दोन वाढदिवस आले. दोन्ही दिवशी मी गणवेशात गेलो आणि कुणाला काही सांगितले नाही. हजेरीपटावर जन्मतारीख होती. दुसऱ्या वर्षी मिसनी ती वाचून मला उभे केले, सगळ्यांनी गाणे म्हटले, आणि मी रिकाम्या हाताने उभा होतो. फी थकली तेव्हा सातवीला मी पुन्हा मराठी शाळेत आलो. घरी कुणी काही बोलले नाही. टाय बरीच वर्षे पेटीत होता.

कपड्याने माणूस बदलतो का, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे, आणि सफाईचा गडी त्याला शिवत नसे म्हणून रोज परत आणावे लागे. 1901 साली ही भावंडे वडिलांना भेटायला निघाली तेव्हा नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे बूट असा थाट होता. मसूर स्टेशनावर स्टेशनमास्तरने तो थाट पाहून त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने विचारपूस केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. डिसेंबर 1927 मध्ये महाडला हेच बाबासाहेब स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण असलेले दागिने टाका असे सांगतात. म्हणजे कपड्याची ताकद आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्यांनी अंगावर भोगून ओळखली होती.

सरकारला हे ओळखायला फार वेळ लागला. सर्व शिक्षा अभियानात फुकट गणवेश सर्व मुलींना आणि मुलांपैकी फक्त अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना. उरलेले मुलगे वगळलेले. माझ्या शेजारच्या त्या मुलासारखी कितीतरी पोरे या नियमाने आमच्यावर जळत वाढली. महाराष्ट्रात सरकारी व जिल्हा परिषद शाळांतल्या सर्व मुलांना गणवेश मिळू लागला तो 2023-24 पासून. पुढच्याच वर्षी 'एक राज्य, एक गणवेश' आले: आकाशी सदरा, गडद निळी विजार, कापड एकाच ठिकाणाहून. दुसऱ्या गणवेशाचे नुसते कापड दिले आणि शिलाईला मुलामागे 110 रुपये. त्या भावात कुठला शिंपी शिवणार? कितीतरी शाळांत महिनोन्‌महिने गणवेश पोचले नाहीत, पोचले ते मापाचे नव्हते. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

आता इंग्रजी शाळांकडे येऊ. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 12 प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना द्याव्या लागतात. केंद्राच्या 2010 च्या नियमांत या मुलांना पुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश फुकट द्यावा, त्यांना वेगळे बसवू नये असे स्पष्ट लिहिले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मानकोलीसारख्या गावात याचा अर्थ उघड होता: जिल्हा परिषदेची शाळा जवळ आहे, तेव्हा इंग्रजी शाळेचे दार तुम्हाला बंद. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी हा बदल रद्द केला.

माझी भाची अशाच जागेवर एका इंग्रजी शाळेत आहे. फी नाही. गणवेश मात्र शाळेने सांगितलेल्या एकाच दुकानातून, पूर्ण किमतीने घ्यावा लागला. शाळा म्हणते, सरकारकडून आमची प्रतिपूर्ती थकली आहे. ती अनेक शाळांची थकते हे खरे आहे, पण त्याचे बिल माझ्या बहिणीने का भरायचे? कापड आता सर्वांचे एकच आहे, टेरीकॉट आणि कोऱ्याचा फरक राहिला नाही. तरी बाई यादी वाचताना 'आरटीईवाले' म्हणतात. गेल्या दिवाळीत पोरगी मला म्हणाली, "मामा, आरटीई ही जात असते का?" शिवाय हा हक्क आठवीपर्यंतच. नववीची फी कुठून आणायची याचा हिशेब बहीण आतापासून करते आहे.

गणवेशाच्या पैशांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाचा अर्ज मी लिहून दिला आहे. नियम लिहिला, दुकानाची पावती जोडली. सहीची जागा अजून रिकामी आहे. बहीण म्हणते, "दादा, आत्ता निदान यादीतलीच एक म्हणून हाक मारतात. उद्या तक्रारवालीची पोर म्हणतील." मी तिला आग्रह केला नाही. वाढदिवसाला रिकाम्या हाताने उभे राहणे कसे असते ते मला ठाऊक आहे, आणि तिची पोर पुढल्या महिन्यात आठ वर्षांची होते.