एक सर्व्हर, वाटा वेगळ्या

पंढरपूरला विठ्ठल एकच, पण पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. त्या एकत्र केल्या, तर दुरून दर्शन घेऊन निघणाराही दिवसभर ताटकळेल. सोलापुरातली एखादी सहकारी बँक किंवा रुग्णालय एका सर्व्हरच्या पोटात दहा-पंधरा 'व्हर्च्युअल मशीन' चालवतं, तेव्हा नेमका हाच घोळ होतो. आत प्रत्येक मशीनचा संसार स्वतंत्र असतो. बाहेर पडायला केबल मात्र एकच.

त्या केबलवरून काउंटरचे व्यवहार जातात, सर्व्हरबाहेरच्या डिस्कवरची लिहा-वाच जाते, रात्रीचा बॅकअप जातो. चालू मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची, तर तिची अख्खी मेमरीही तिथूनच जाते. एक गिगाबिटची केबल सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहते. म्हणजे ६४ जीबी मेमरी हलवायला नऊएक मिनिटं, आणि तेवढा वेळ काउंटरवरचा माणूस 'सिस्टीम स्लो आहे' म्हणत बसणार.

यावर स्वस्त तोड म्हणजे व्हीलॅन. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकानुसार डेटाच्या प्रत्येक पाकिटावर त्याच्या गटाचा क्रमांक चिकटवतात. असे ४०९४ क्रमांक वापरता येतात. एका व्हीलॅनचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नाही, हे खरं. पण केबलची ताकद त्यानं वाढत नाही आणि केबल तुटली की सगळेच बसतात. म्हणून अवजड वाहतुकीला वेगळं लॅन कार्ड आणि जमल्यास वेगळा स्विचच हवा.

प्रश्न फक्त वेगाचा नाही. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ दरम्यान पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्लेखोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. वेगळ्या केबलनं ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण चोर एकदा आत आला की किती खोल्या फिरू शकतो, हे नेटवर्कच्या भिंतींवर ठरतं. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेच्या चार पातळ्या आखून दिल्या.

पण नियम असले, तरी भिंत पाडणारे बहुधा आपणच असतो. 'सोयीसाठी' एखाद्या मशीनला दोन्ही नेटवर्कमध्ये पाय दिला जातो. तिचा ताबा गेला की दोन्हीकडची दारं उघडी. दुसरी खोड म्हणजे दोन्ही कार्डांना डीफॉल्ट गेटवे (बाहेर पडायची ठरलेली वाट) देणं; मग पाकीट एका वाटेनं येतं, उत्तर दुसऱ्या वाटेनं जातं आणि जोडणी मधूनच तुटते. गेटवे एकच ठेवावा. साठवणुकीच्या, म्हणजे डिस्कच्या लिहा-वाचीच्या नेटवर्कला तर तो सहसा लागतच नाही.

पोर्ट मोजकेच असतील, तर माझ्या मते पहिला मान साठवणुकीचा, दुसरा सर्व्हरच्या प्रशासनाचा. उरलेलं खुशाल व्हीलॅनवर टाका. उद्या तुमच्या संगणक विभागाला एवढंच विचारा: सर्व्हरच्या प्रशासनाचं पान काउंटरवरच्या संगणकातून उघडतं का? उघडत असेल, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.