वाळा : पेटीत सुगंध, बांधाला आधार

लग्नाचा शालू, ठेवणीतलं धोतर ज्या पेटीत असायचं, तिथं जुन्या बाया वाळ्याच्या मुळ्यांची जुडी ठेवत. पेटी उघडली की घमघमाट! हा वास मुळ्यांतल्या तेलाचा. मुळ्या धुऊन सावलीत खडखडीत वाळवाव्यात, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कपड्यांत ठेवाव्यात. ओल राहिली तर कपड्यांना बुरशी धरते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. याच मुळ्या दोन-तीन मीटर खोल जाऊन माती धरून ठेवतात. म्हणूनच १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या पाणलोट प्रकल्पांतून बांधावर वाळा लावण्याचा प्रसार झाला. आपल्या बालाघाटच्या उतारावर, पाटोदा-आष्टीकडच्या हलक्या रानात, मुळ्यांसाठी बांध उकरला तर पहिल्याच जोराच्या पावसात माती ओढ्याला लागेल. वासापायी रान घालवू नका.

तेव्हा बांधावरचा वाळा वरून कापा, उपटू नका. सुगंधासाठी परसात, न्हाणीच्या पाण्यावर, वेगळे ठोंब लावा. पावसाळ्याच्या तोंडाला लावले की साधारण दीड वर्षात मुळ्या काढणीला येतात. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नवा बांध घालतानाच त्यावर वाळ्याची ओळ लावून घ्यावी. पेटीही दरवळेल, मातीही राहील.