लागोस: वाळूशी भांडून उभं राहिलेलं बंदर

नायजेरियाची राजधानी कोणती, असं विचारलं की आजही अनेक जण बिनधास्त ‘लागोस’ म्हणून मोकळे होतात. राजधानी डिसेंबर 1991 मध्येच अबुजाला गेली. हा गैरसमज निरुपद्रवी आहे. बाकीचे तितके साधे नाहीत.

हे शहर पोर्तुगीजांनी वसवलं, हा त्यातला एक. त्यांनी दिलं ते नाव. आवोरी योरुबांची वस्ती इथे होतीच, बेनिनच्या राजाने लष्करी तळही टाकला होता, आणि गावकरी अजूनही शहराला ‘एको’च म्हणतात.

ब्रिटिश आले ते गुलामांचा व्यापार मोडायला, हेही अर्धसत्य. 1851 मध्ये तोफा डागून त्यांनी इथल्या राजाला, कोसोकोला, हुसकावलं आणि अकितोयेला गादीवर बसवलं. व्यापाऱ्यांचा डोळा मात्र पामतेलावर होता. दहा वर्षांत पुढच्या राजाची, दोसुन्मूची, सही घेऊन लागोस बेट खालसा केलं. आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही.

गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेले परतलेच नाहीत, असंही आपण धरून चालतो. ब्राझीलहून परतलेल्यांचा अख्खा मोहल्ला इथे उभा राहिला. 1894 ची शिट्टा-बे मशीद त्यांच्यातल्याच एका कारागिराने बांधली. रंगीत, नक्षीदार, पाहताना ब्राझीलच आठवावं अशी.

पण सगळ्यात पक्का समज म्हणजे लागोस हे निसर्गानेच दिलेलं बंदर. आतली खाडी शांत, हे खरं. तिच्या तोंडाशी मात्र वाळूचा दांडा आडवा पडलेला. मोठी जहाजं बाहेर नांगरून राहत आणि माल छोट्या बोटींनी जा-ये करी. 1908 पासून समुद्रात दगडी बांध घालायला घेतले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

तरी आतली जागा तोकडीच. 1975 मध्ये सरकारने सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवलं, बंदराची ताकद न बघता. शेकडो जहाजं बाहेर ताटकळली, विलंबशुल्क चढत गेलं, काही सिमेंट तर गोणीतच दगड झालं. टिन कॅन बेटावरचं बंदर 1977 मध्ये घाईने सुरू झालं ते यामुळे. खरं खोल पाण्याचं बंदर मिळायला 2023 उजाडलं, तेही शहराच्या पूर्वेला लेक्कीत.

त्या दगडी बांधांचीही किंमत मोजावी लागली: त्यांनी अडवलेली वाळू पश्चिमेला साचली आणि पूर्वेचा बार बीच हा किनारा समुद्राने खाल्ला. आता तिथे भिंत घालून, भर टाकून ‘एको अटलांटिक’ नावाची नवी वसाहत काढली आहे. भूखंड अर्थातच बड्यांसाठी.