शरणागत आणि सरकार (लेखांक सहावा) : मार्सेल्सचा धक्का

ज्याचा समुद्राशी काडीइतकाही संबंध नाही अशा नागपुरात ज्याचे बालपण गेले, त्याने बंदर, बोट आणि धक्का यांविषयी लिहावयास बसावे हे थोडे धारिष्ट्याचेच आहे. परंतु आजच्या प्रकरणाशी माझा संबंध शाळकरी वयापासूनचा आहे, आणि तोही ज्या बाजूने सहसा कोणाचा नसतो त्या बाजूने. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सावरकरांच्या उडीचा प्रवेश करावयाचे ठरले, तेव्हा नायकाच्या कामासाठी निम्मा वर्ग भांडला, हॅटच्या मोहाने इंग्रज अंमलदार व्हावयासही दोघे पुढे आले, पण किनाऱ्यावरच्या फ्रेंच शिपायाचे काम कोणी घेईना, आणि अंगाने दांडगा म्हणून ते अखेर माझ्या गळ्यात पडले. पोस्टमनकडून मागून आणलेली टोपी चढवून मी तालमीला उभा राहिलो आणि मास्तरांना विचारले, मी बोलायचे काय? फ्रेंच त्यांना येत नव्हते, आणि मला येण्याचा प्रश्नच नव्हता. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "तू काही बोलू नकोस. तू फक्त धर."

पुढे बऱ्याच वर्षांनी या प्रकरणाचा हेग येथील निवाडा वाचनात आला, तेव्हा मास्तरांच्या त्या दोन वाक्यांत खटल्याचे सारे मर्म आले होते हे ध्यानी येऊन मी थक्क झालो.

गेल्या आठवड्यात आपण नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची हकीकत पाहिली. सीताबर्डीच्या लढाईनंतर पदच्युत होऊन प्रयागकडे नेले जात असता १८१८ मध्ये पहाऱ्यातून निसटलेले, महादेवाच्या डोंगरापासून लाहोरापर्यंत भटकलेले आप्पासाहेब शेवटी जोधपुरास महामंदिरात शिरले, आणि कंपनी सरकारने डोळे वटारले तरी राजा मानसिंगाने शरण आलेल्यास हवाली करण्याचे नाकारले. १८४० मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्या आश्रयाच्या मागे कायद्याचे पुस्तक नव्हते, पण महामंदिराची हद्द कोठे सुरू होते आणि ती ओलांडली म्हणजे काय होते हे दारावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक होते. मार्सेल्सला कायदा होता, करार होते, प्रजासत्ताक राज्य होते. दारावरच्या माणसाला मात्र कोणी काही सांगितलेले नव्हते.

प्रकरणाची पूर्वपीठिका मराठी वाचकास ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात देतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याचा अनंत कान्हेरे यांनी वध केला; त्यासाठी वापरलेली ब्राउनिंग पिस्तुले विलायतेहून सावरकरांनी धाडली असा सरकारचा आरोप; आणि १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. एका साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी न्यावयाचा असल्याने इंग्रज सरकारला प्रत्यर्पणाच्या कटकटीत पडावे लागले नाही. १८८१ चा पळपुट्या गुन्हेगारांचा कायदा हाताशी होता आणि त्याखाली हुकूम मिळाला. वाटेत परक्या राष्ट्राची भूमी लागली नसती तर कागदोपत्री सर्व निर्वेध होते. परंतु पी. अँड ओ. कंपनीची 'मोरिया' बोट मार्सेल्सला थांबणार होती, आणि इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील प्रत्यर्पण-करारातून राजकीय अपराधी वगळलेला होता; म्हणजे फ्रान्सच्या मातीवर मोकळेपणाने उभा राहिलेला सावरकर नावाचा मनुष्य मागून घेणे इंग्रजांना फार जड गेले असते.

हे लंडनच्या पोलीसखात्याला पुरते उमगलेले होते. बोट निघण्याच्या आधीच, २९ जून रोजी, लंडनच्या पोलीसप्रमुखाने पॅरिसच्या सुरक्षाखात्याच्या संचालकास पत्र लिहून, अमुक कैदी अमुक बोटीने जाणार असून ती ७ किंवा ८ जुलैस मार्सेल्सला लागेल असे कळविले होते. त्यावर मार्सेल्सचा पोलीस कमिशनर बोटीवर जाऊन बंदोबस्तापुरता आपण हजर आहोत असे इंग्रज पोलिसांना सांगून आला. पॅरिसचे लेखी उत्तर मात्र ९ जुलैचे आहे, आणि सावरकर मार्सेल्सला असेपर्यंत कोणताही अनुचित प्रकार घडू नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत, असे त्यात म्हटले आहे. सरकारी दफ्तरांतून मी पुष्कळ विनोद वाचले, पण याच्या तोडीचा क्वचितच. कारण ज्याच्याविषयी ही हमी लिहिली जात होती तो मनुष्य आदल्या दिवशी सकाळीच समुद्रात उडी घेऊन, फ्रेंच भूमीवर पाय ठेवून, पकडला जाऊन पुन्हा बोटीवर बंदिस्त झालेला होता.

८ जुलैच्या त्या सकाळी शौचकूपाच्या गवाक्षातून सावरकर निसटले, पोहत धक्क्याला लागले, वर चढले आणि धावू लागले. काही शे मीटरांवर फ्रेंच सागरी जांदार्म दलाच्या एका ब्रिगेडियरने त्यांना पकडले. (आपल्या लष्करातला ब्रिगेडियर येथे डोळ्यांपुढे आणू नये, हा हुद्दा आपल्याकडील जमादार-हवालदाराच्या तोडीचा.) मला मॅजिस्ट्रेटपुढे न्या, अशी विनवणी सावरकरांनी त्याला केली आणि त्याला ती कळली नाही, असे चरित्रकार सांगतात. निवाड्यातील वर्णन याहून रूक्ष आहे, आणि म्हणूनच अधिक बोलके आहे. ब्रिगेडियरची जबानी अशी की अटक आपण एकट्याने केली. त्यानंतर बोटीवरून आलेल्या हिंदी पोलिसाने कैद्याचा डावा हात धरला, तो केवळ परत नेण्यास साह्य म्हणून. आणि बोटीच्या डेकवर पोचेपर्यंत आपण कैद्याला एक क्षणही सोडले नाही. या शेवटल्या वाक्यात कर्तव्यदक्षतेचा जो ताठा आहे तो मला ओळखीचा वाटतो. टेबलावरून उडी घेतलेल्या माझ्या मित्राचे मनगट मीही असेच आवळले होते, आणि प्रवेश संपल्यावर त्याने मला त्याचे वळ दाखविले होते.

त्या ब्रिगेडियरला वाटले तरी काय? फ्रेंच सरकारने हेगला मांडले ते असे की, आपण कोणाला धरतो आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. बोटीवर काही गुन्हा करून पळणारा हा एखादा खलाशी असावा एवढेच त्याने जाणले. येथे घटकाभर थांबावयास हवे, कारण हा खुलासा वरवर पाहता लंगडा वाटला तरी बंदराची रीत जाणणाऱ्यास तसा वाटणार नाही. पळून गेलेल्या खलाशाला पकडून त्याच्या बोटीच्या स्वाधीन करणे हा त्या काळच्या बंदरांचा नित्याचा शिरस्ता होता, आणि अनेक राष्ट्रांच्या परस्परांशी झालेल्या व्यापारी व वकिलातीच्या करारांत तशी कलमेच घातलेली असत. भाडोत्री खलाशी म्हणजे बोटीच्या सामानाचाच एक नग, हरवला तर परत आणून ठेवावयाचा, अशी ती समजूत. म्हणजे आपण ज्याला त्रिखंडात गाजलेली उडी म्हणतो ती घेणारा पुरुष, ज्या एकमेव फ्रेंच अंमलदाराशी त्याची गाठ पडली त्याच्या हिशेबी, पगार बुडवून पळणारा नावाडी होता.

त्यानंतरचे चोवीस तास मला उडीपेक्षाही महत्त्वाचे वाटतात. ब्रिगेडियरने घडलेला प्रकार वरिष्ठांना त्याच दिवशी कळविला. 'मोरिया' बंदरातच उभी होती. मार्सेल्सच्या मुलकी अधिकाऱ्यांपैकी कोणी एकाने, 'हे बेकायदा झाले, कैदी आमच्या ताब्यात द्या', असा चार ओळींचा खलिता बोटीवर पाठविला असता तर पुढील सारे रामायण टळले असते. तो कोणी पाठविला नाही. ९ जुलैच्या सकाळी बोट नांगर उचलून निघून गेली, आणि हे मौन पुढे हेगच्या निवाड्यात इंग्रजांच्या बाजूचा एक सबळ मुद्दा ठरले: वरिष्ठांनी ब्रिगेडियरचे कृत्य बोट सुटेपर्यंत नाकारले नाही, तेव्हा ते त्यांना संमतच आहे असे इंग्रज पोलिसांनी समजणे स्वाभाविक होते, असे पंचांनी म्हटले.

आरडाओरड झाली ती नंतर, आणि ती सरकारने नव्हे तर वर्तमानपत्रांनी केली. पॅरिसमध्ये मादाम कामा होत्या, कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे होता, जाँ जोरेस यांचे 'ल्युमानिते' हे पत्र होते. फ्रान्सच्या भूमीवर आश्रय मागणाऱ्यास फ्रान्सच्या शिपायाने परत केले हा प्रजासत्ताकाचा अपमान होय, ही भाषा तेथे पेटली, आणि मग फ्रेंच सरकारला सावरकर परत मागणे भाग पडले. २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी हा प्रश्न हेगच्या लवादाकडे सोपविण्याचा करार केला. बेल्जियमचे बेर्नार्ट हे अध्यक्ष. फ्रान्सचे लुई रेनो, इंग्लंडचे लॉर्ड डेझार्ट, शिवाय एक नॉर्वेचा आणि एक हॉलंडचा असे पाच पंच. बेर्नार्ट आणि रेनो हे दोघेही शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. प्रश्न एकच होता: सावरकरांना आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार फ्रान्सला परत करावे, की करू नये?

इकडे मुंबईत कोणी कोणासाठी खोळंबले नव्हते. ज्यूरी नाही आणि अपीलही नाही अशा तीन न्यायमूर्तींच्या खास न्यायासनापुढे सप्टेंबरात खटला उभा राहिला. हेगचा निकाल लागेपर्यंत तो तहकूब ठेवला गेला नाही. डिसेंबरात एक जन्मठेप झाली आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. हेगचा निवाडा आला २४ फेब्रुवारी १९११ रोजी. अटक करून कैदी स्वाधीन करण्यात अनियमितता घडली हे पंचांनी मान्य केले. परंतु फसवणूक नाही, बळजोरी नाही, सर्वजण सद्भावनेने वागले, आणि परक्या अंमलदाराच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत केलाच पाहिजे असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी ४ जुलैला सावरकर अंदमानात पोचले.

सावरकरांच्या उत्तरायुष्याविषयी वाचकांची मते काहीही असोत, त्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मला खुपते ते एवढेच की, ज्या माणसाच्या देहाविषयी हा वाद होता त्याचे म्हणणे काय हे पाचांपैकी कोणी विचारले नाही, कारण तसे विचारण्याची सोयच त्या कायद्यात नव्हती. वाद फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा होता. अनोळखी भाषेत ओरडणारा ओलाचिंब मनुष्य त्या वादाचे निमित्त होता, पक्षकार नव्हता.

साठ वर्षांनी अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर खराखुरा खलाशीच अशा प्रसंगात सापडला. २३ नोव्हेंबर १९७० रोजी मासेमारीच्या हक्कांची बोलणी करण्यासाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे 'व्हिजिलंट' हे जहाज मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ 'सोव्हेत्स्काया लित्वा' या रशियन बोटीच्या कडेला लागले होते, तेव्हा सिमास कुदिर्का हा लिथुआनियन रेडिओ-चालक मधले पाणी ओलांडून अमेरिकन डेकवर उतरला. आपण येणार हे त्याने आधी सूचित केल्याने कप्तान युस्टिस याने बोस्टनला बिनतारी संदेश पाठवून हुकूमही मागितला होता. आजारपणाच्या रजेवर घरी असलेल्या अ‍ॅडमिरल एलिस याचा हुकूम सुटला, की त्याला परत करा; आणि रशियन खलाशांनी अमेरिकेच्या जहाजावर चढून, मारझोड करून, बांधून, अमेरिकेच्याच होडीतून कुदिर्काला नेले. मार्सेल्सला कोणी विचारले नाही म्हणून घोटाळा झाला, तर येथे विचारले म्हणूनच झाला.

पण फ्रान्सच्या सरकारने जे चोवीस तासांत केले नाही ते अमेरिकेत निदान नंतर तरी झाले. राष्ट्राध्यक्ष निक्सन संतापले, काँग्रेसमध्ये चौकशी झाली, एलिस आणि त्याचा दुय्यम अधिकारी यांना सेवेतून निवृत्त व्हावे लागले, युस्टिसला ठपका मिळून त्याची बदली झाली, आणि आश्रय मागणाऱ्या कोणासही वरिष्ठ खात्याला कळविल्यावाचून परत करू नये असे नियम घालून दिले गेले. कुदिर्काला सोव्हिएत संघात दहा वर्षांची शिक्षा झाली होती; पण त्याची आई ब्रुकलिनमध्ये जन्मली होती असे पुढे कागदपत्रांत निघाले, त्यावरून त्याचा अमेरिकन नागरिकत्वाचा हक्क उभा राहिला, आणि १९७४ मध्ये तो सुटून अमेरिकेस गेला. हे नियम होऊनही १९८५ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ मिसिसिपी नदीत उडी टाकलेल्या मिरोस्लाव मेद्विद या सोव्हिएत खलाशाला सीमेवरच्या अंमलदारांनी प्रथम बोटीवरच परत पोचविले. भाषेचा घोटाळा तेथेही होता.

आपल्या सरकारवर असा प्रसंग येऊन गेला आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आश्रयाविषयी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही आणि १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सहीही नाही. अशा स्थितीत १९६२ च्या अखेरीस कलकत्त्याच्या बंदरात तारासोव्ह नावाच्या रशियन खलाशाने आपल्या बोटीवरून अमेरिकन बोट गाठली, रशियनांनी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला, आणि त्या वर्षीच झालेल्या आपल्या प्रत्यर्पण कायद्याचे पुस्तक दिल्लीच्या एका मॅजिस्ट्रेटला उघडावे लागले. कुदिर्काचे जे झाले ते तारासोव्हचे का झाले नाही, ते पुढील लेखांकी पाहू.